रमजानमध्ये दुबईला जावं का? तासगावच्या एका बेदाणा पेढीचं प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातली ही पेढी घरचीच. काका साठीला आलेले, सगळं आयुष्य मार्केट यार्डातल्या बेदाण्याच्या सौद्यांत गेलेलं. चार दाणे चिमटीत दाबले की ओलावा किती आहे ते सांगतात. पुतणी पुण्यात व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन परतलेली. आयात-निर्यात क्रमांक, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, फूड लायसन्स ही सगळी कागदपत्रं तिनेच करून घेतली. तोवर त्यांचा माल वाशीच्या व्यापाऱ्यामार्फत बाहेर जायचा. कुठे, कुणाला, काय भावाने, हे त्यांना कधीच कळत नव्हतं. ‘मधला माणूस काढायचा’ ही पुतणीची कल्पना. काकांनी नाही म्हटलं नाही, हो म्हणायलाही वेळ लावला.

वाशीच्याच एका दलालाने दुबईतल्या तीन-चार घाऊक व्यापाऱ्यांचे नंबर दिले. त्यातला मोठा खरेदीदार देऱ्यातल्या अल रास भागातला. खाडीकाठचा हा भाग म्हणजे धान्य, मसाले आणि सुक्यामेव्याचा जुना घाऊक बाजार, इराणी, अफगाणी, तुर्की आणि चिनी बेदाणा शेजारी-शेजारी पोत्यांत आणि खोक्यांत मांडलेला. पेढीची मालकी स्थानिक अरब कुटुंबाकडे, खरेदी बघणारा मॅनेजर केरळचा. मेसेजवर बोलणं झालं. त्याने लिहिलं, ‘या की, कधीही या.’ दोघांनी १० ते १४ मार्च २०२५ची तिकिटं काढली.

माझ्याकडे ते सल्ल्यासाठी आले तिकिटं काढल्यावर. पुढचा तपशील निघण्यापूर्वी आणि परतल्यावर दोघांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिला आहे. ओळख पटेल असा मजकूर बदलला आहे. नियम त्या वेळचे आहेत. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ताजे पाहून घ्यावेत.

अडचण कुठे होती

त्या वर्षी अमिरातीत रमजान १ मार्चला सुरू झाला आणि ३० मार्चला ईद झाली. म्हणजे दौरा बरोबर उपवासाच्या दुसऱ्या आठवड्यात.

पुतणीला हे माहीत होतं. तिची काळजी होती ती दिवसा पाणी कुठे प्यायचं, कपडे कसे घालायचे, हस्तांदोलन करायचं की नाही याची. आखाताबद्दल कुठेही वाचा, सल्ले साधारण याच गोष्टींचे असतात. चुकीचे नाहीत, पण त्यावरून कुणाचा सौदा मोडलेला माझ्या पाहण्यात नाही. खरी अडचण बाजाराची होती, आणि ती काकांनी एका वाक्यात सांगितली: “सणाचा माल सणात कोण घेतं?”

आपल्याकडे दिवाळीचा किराणा दुकानदार दिवाळीत भरत नाही, तसंच हे. रमजानात बेदाण्याला मोठा उठाव असतो: भातात, गोडात, भेटीच्या सुक्यामेव्याच्या खोक्यांत. पण घाऊक व्यापारी तो माल दीड-दोन महिने आधी भरून ठेवतो. तासगावचा नवा बेदाणा मात्र फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान शेडवरून उतरतो. म्हणजे आपला ताजा माल तयार होतो तेव्हा त्यांची खरेदी आटोपलेली असते. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे ही फट पुढची काही वर्षं वाढतच जाणार आहे. २०२६ मध्ये रमजान १८ फेब्रुवारीला आला. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा सुरू होईल.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तिकिटं पुढे ढकलून एप्रिलच्या मध्यावर जाण्याचा. ईदनंतर बाजार थंड असतो, पण माणसं निवांत भेटतात. तिकिटं मात्र स्वस्तातली होती. बदलायची तर भाड्यातला मोठा हिस्सा बुडणार होता. दुसरा, जायचंच नाही, नमुने कुरिअरने पाठवायचे आणि बोलणं व्हिडिओवर उरकायचं. काकांना हा अजिबात पटेना. ज्याचं गोदाम पाहिलं नाही त्याला माल द्यायचा नाही हा त्यांचा जुना नियम, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. तिसरा पर्याय सरळ नोव्हेंबरवर जाण्याचा, पुढच्या रमजानच्या खरेदीआधी. धंद्याच्या हिशोबाने हाच सर्वांत चांगला होता. पण आठ महिने थांबायचं, तोवर माल शीतगृहात ठेवायचा, भाडं भरायचं, आणि खरेदीदार कसा आहे हे ठाऊकच नाही!

शेवटी ठरलं की ठरल्या तारखांनाच जायचं, पण दौऱ्याचा हेतू बदलायचा. ऑर्डर आणायला नाही, तर माणसं आणि गोदामं बघायला, भाव समजून घ्यायला. मिळाली तर छोटी चाचणी ऑर्डर. हा निर्णय कागदावर किरकोळ दिसतो. पण दुबईत जेव्हा पहिला भाव ऐकायला मिळाला तेव्हा ‘रिकाम्या हाताने परत जायचं नाही’ असा दबाव दोघांवर नव्हता, तो याच्यामुळे.

गोळ्या आणि चटणी

काकांना मणक्याचा जुना त्रास. रात्री ते एक वेदनाशामक गोळी घेतात. ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठी न मागता पाकीट देतो. पुतणीने सहज पाकिटावरचं बारीक नाव वाचून पाठवलं: ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित औषध आहे. २०१८ पासून आपल्याकडेही ते अमली पदार्थ कायद्याखाली आलं आहे, फक्त गावात तसं कुणी वागत नाही. परवानगीशिवाय सामानात ते सापडलं तर चौकशी, अटक, खटला काहीही होऊ शकतं, आणि ‘डॉक्टरांनी दिलंय’ हे तोंडी सांगून भागत नाही.

इथे दोन वाटा होत्या. तिथल्या आरोग्य मंत्रालयाची ऑनलाइन परवानगी काढायची. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल, पासपोर्टची प्रत लागते. किंवा औषधच बदलायचं. काकांकडे चिठ्ठीच नव्हती, त्यामुळे डॉक्टरांकडे जाणं दोन्हीकडून आलंच. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद करायची नाही. हाताशी तीन आठवडे होते म्हणून त्यांनी डोस हळूहळू कमी करून साध्या वेदनाशामकावर आणलं. निघायला चार दिवस राहिले असताना पाकीट वाचलं असतं तर परवानगीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. बाकीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, मुक्कामापुरत्या, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासकट घेतल्या. पुतणीच्या पर्समध्ये खोकल्याचं एक जुनं सिरप निघालं, त्यात कोडीन होतं. ते घरीच राहिलं.

मग चटणी. काकूंनी दोघांसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाल्याची बरणी बांधून ठेवलेली. अमिरातीत खसखस नेता येत नाही. अफूच्या बोंडाचं बी म्हणून तिची गणना बंदी असलेल्या पदार्थांत होते. पुतणीने विचारलं, मसाल्यात खसखस आहे का?

“अगं, चमचाभर तर घातलीया!”

“काकू, तिथं चमचा मोजत नाहीत.”

बरणी परत फडताळात गेली. शेंगदाण्याची चटणी तेवढी बरोबर गेली, तीसुद्धा काकूंकडून दोनदा खात्री करून घेतल्यावर. काकांचा पानाचा डबाही घरी ठेवायला लावला, आणि मला वाटतं दौऱ्यातला सर्वांत मोठा त्याग तोच असावा.

बेदाण्याचे नमुने मात्र न्यायचेच होते. अर्ध्या किलोची मोजकी पाकिटं सीलबंद करून प्रत्येकावर पेढीचं नाव, प्रत, पॅकिंगची तारीख आणि गंधकाची धुरी दिली आहे की नाही हे छापलं. सोबत ‘व्यापारी नमुने, विक्रीसाठी नाहीत’ असं लिहिलेलं बिल आणि प्रयोगशाळेचा अहवाल. पिवळ्या बेदाण्यात सल्फर डायऑक्साइड किती, हा तिथल्या खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो. हिरव्याला तो कमी विचारतात.

दुबईतले पाच दिवस

आधीच्या वेळापत्रकात रोज तीन भेटी होत्या: दहा, बारा आणि तीन वाजता. रमजानात खासगी क्षेत्रातही कामाचे तास रोज दोनने कमी होतात. दुपारी दोननंतर माणूस खुर्चीत असला तरी मनाने घरी पोचलेला असतो. म्हणून सकाळी अकराला एक आणि रात्री नऊनंतर एक असं नवं वेळापत्रक केलं. दुपारचा वेळ हॉटेलवर, काकांच्या कमरेसाठीही ते बरं. पाणी, गोळ्या, दशमी, सगळं खोलीतच उरकायचे. मॉलमधली हॉटेलं दिवसाही चालू असतात, पण रस्त्यात बाटली तोंडाला लावायची नाही, एवढं पाळलं की पुरे.

पहिल्याच संध्याकाळी अल रासच्या मॅनेजरने इफ्तारला बोलावलं. जावं की नको, यावर दोघांत थोडी चर्चा झाली. काका माळकरी, तिथे मांसाहार असणार. त्यात सोमवार, १० मार्च, आमलकी एकादशी. पुतणीने फोन करून मॅनेजरला सरळ सांगितलं की काकांचाही आज उपवास आहे, ते फळं आणि खजूर खातील. तो खूश झाला. साडेसहाच्या सुमारास बांग झाली. काकांसमोर खजूर, कलिंगड आणि ताकासारखं लबन आलं, इतरांची ताटं वेगळ्या टेबलावर लागली. दोन उपवासवाले शेजारी बसून खजूर खात होते, आणि मग काकांनी खजुराचा भाव विचारला! तिथून गप्पा ज्या सुरू झाल्या त्या बेदाण्यावर यायला फार वेळ लागला नाही. जेवण नाकारायचं असेल तर कारण आधी आणि स्पष्ट सांगावं. ताटावर बसून चाचपडण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी, रात्रीच्या बैठकीत, मॅनेजर प्रत्येक प्रश्न काकांना विचारत होता आणि उत्तर पुतणी देत होती. तीन-चारदा असं झाल्यावर काका हिंदीत म्हणाले, “हिसाब सब इसके पास है, भाव इसी से पूछो.” त्यानंतर गाडी रुळावर आली. हे आधी ठरलेलं नव्हतं. कोण बोलणार हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं असतं तर आदली संध्याकाळही कामी आली असती.

भाव ठरवताना तासगावातले त्या दिवशीचे सौदे किती निघाले हे कळायला हवं होतं. व्हॉट्सॲपवरून तिथे मेसेज जातात, फोन लागत नाही. पुतणीने घरी आवाजी संदेश पाठवला. दुबईत रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडे साडेअकरा. धाकटे काका जागे होते, पाच मिनिटांत भाव आला. पण ते झोपलेले असते तर ती अंदाजावर बोलली असती. पुढच्या दिवसापासून रोमिंगचं पॅक घेतलं आणि घरी एका माणसाला बारापर्यंत जागं राहायला सांगितलं.

फसलं ते शारजात. तिथल्या एका खरेदीदाराशी भेट आधी शुक्रवारी ठेवलेली होती. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी आणि सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस अशी पद्धत आली, पण शारजाने शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुटी ठेवली. हे लक्षात आल्यावर भेट गुरुवारी दुपारी अडीचला घेतली. रमजानात ही वेळ म्हणजे सगळी कार्यालयं एकदम सुटण्याची. दुबई-शारजा रस्त्यावर टॅक्सी जवळपास उभीच होती. पोचेपर्यंत साडेतीन वाजून गेले आणि मालक घरी गेलेला. परत येईस्तोवर इफ्तारची वेळ होत आली. सिग्नलवर स्वयंसेवक गाड्यांत खजूर आणि पाण्याच्या बाटल्या देत होते, त्या घेतल्या, एवढीच त्या दिवसाची कमाई. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं असेल तर ते सकाळीच करावं, हे नकाशावरचं अंतर बघून कळत नाही.

पैशाचं बोलणं

मॅनेजरचा पहिला प्रस्ताव होता: माल पाठवा, विकला गेला की पैसे. फळं-भाज्यांत ही पद्धत सर्रास चालते, आणि आपले किती बागायतदार तिने पोळले आहेत ते सांगली-सोलापूरकडे वेगळं सांगायला नको. पुतणीने नाही म्हटलं. दुसरा प्रस्ताव साठ दिवसांनंतरच्या तारखेच्या चेकचा.

इथे काका एकदम तयार झाले. त्यांनी ऐकलेलं की दुबईत चेक परत गेला की माणूस तुरुंगात, त्यामुळे तिथला चेक म्हणजे रोख. हे एके काळी बरंचसं खरं होतं. जानेवारी २०२२ पासून मात्र कायदा बदलला. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो आता साधारणपणे फौजदारी गुन्हा ठरत नाही. फसवणुकीच्या हेतूचे प्रकार वेगळे. बँकेने असतील तेवढे पैसे द्यायचे आणि उरलेल्यासाठी चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जायचं. तिथे राहणाऱ्यासाठी ही सोय चांगली आहे. तासगावात बसलेल्याला मात्र वकील, मुखत्यारपत्र, भाषांतर, सगळं आलं. छोट्या ऑर्डरच्या रकमेत तो खर्च बसत नाही.

पुतणीला हे माहीत होतं, पण मॅनेजरसमोर काकांना खोडून काढायचं नव्हतं. तिने “उद्या सांगतो” म्हणून बैठक संपवली. माझ्या दृष्टीने अख्ख्या दौऱ्यातला कळीचा क्षण हाच. घाई करणारा कुणी नव्हता, तरी तिथल्या तिथे हो म्हणण्याचा मोह असतोच, त्यातून समोर खजुराचं खोकं भेट म्हणून ठेवलेलं.

हॉटेलवर दोघांचं बरंच बोलणं झालं. ‘ईसीजीसी’चा, म्हणजे निर्यातीची उधारी बुडाली तर भरपाई देणारा, विमा घेऊन उधारी द्यायची हा मार्ग होता. पण या सरकारी कंपनीकडून खरेदीदाराची पत तपासून मर्यादा ठरवून घ्यायला वेळ लागतो, आणि ते काम निघण्यापूर्वी करायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं: ३० टक्के आगाऊ, उरलेली रक्कम बँकेतून कागदपत्रं सोडवताना. पैसे भरल्याशिवाय माल हातात येणार नाही. मॅनेजर हसला, भाव किलोमागे थोडा खाली मागितला आणि मालकाला विचारून कळवतो म्हणाला. मालकाची भेट मात्र शेवटपर्यंत झाली नाही. तो रमजानात रात्री उशिराच पेढीवर येत असे.

निष्पत्ती

ईदनंतर दोन आठवड्यांनी होकार आला. ऑर्डर कंटेनरभर नाही, पाच टनांची, हिरव्या बेदाण्याची. आगाऊ रक्कम जमा झाल्यावर माल न्हावाशेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदरात गेला. समुद्रातला प्रवास आठवड्याच्या आतला. सोबत भारत-अमिराती व्यापार कराराखालचा मूळ-देशाचा दाखला जोडला होता. हा करार मे २०२२ पासून लागू आहे. उरलेले पैसेही वेळेवर आले. नफा म्हणावा असा झाला नाही. वाशीच्या व्यापाऱ्याला दिला असता तर साधारण तेवढेच हातात पडले असते, असं काकांचं म्हणणं, आणि पुतणी ते नाकारत नाही.

शारजाच्या खरेदीदाराने नंतर मेसेजला उत्तर दिलं नाही.

अल रासच्या मॅनेजरने मात्र पुढच्या रमजानसाठी नोव्हेंबरातच माल दाखवा असं सांगितलं. त्यावरून पेढीने नव्या हंगामातला निवडक माल शीतगृहात बाजूला काढला.

वेगळं काय करता आलं असतं

तिकिटं काढण्यापूर्वी दोन कॅलेंडरं शेजारी ठेवायला हवी होती: आपल्या छाटणी-काढणीचं आणि त्यांच्या सणांचं. ‘कधीही या’ हे आखातात आतिथ्याचं बोलणं असतं, त्याला भेटीची वेळ समजू नये. मॅनेजरला सरळ विचारता आलं असतं की तुमची रमजानची खरेदी कधी संपते. त्याने लगेच सांगितलं असतं. धंद्यातल्या माणसाला असा प्रश्न आवडतो.

खरेदीदाराची पत तपासणं हे तिकिटाच्याही आधीचं काम. ते झालं असतं तर साठ दिवसांच्या उधारीवर, विम्यासह, थोडा बरा भाव मागता आला असता. पहिल्याच व्यवहारात उधारी द्यावी का, यावर मात्र माझं आणि पुतणीचं एकमत नाही. ती म्हणते विमा असेल तर द्यावी. मला वाटतं पहिला माल कागदपत्रांवरच जावा, विमा असो वा नसो, कारण विम्याचा दावा मंजूर होईपर्यंत शेतकऱ्यांचे पैसे पेढीलाच द्यावे लागतात.

मालकाची भेट ठरवून घेणं राहिलं. मॅनेजर कितीही चांगला असला तरी भावाचा शेवटचा शब्द त्याचा नव्हता, आणि मालक रात्री अकरानंतर पेढीवर येतो हे पहिल्या दिवशीच कळलेलं होतं. काका कमरेमुळे इतका वेळ बसू शकले नसते. पुतणीला एकटीला पाठवायला ते तयार नव्हते. दुबईत रात्री अकराला एकट्या बाईने टॅक्सीने जाणं-येणं अवघड नाही, असं मी त्यांना नंतर सांगितलं. नोव्हेंबरच्या दौऱ्याला ती एकटी जाणार की धाकटे काका बरोबर जाणार, यावर तेव्हा घरात बोलणं चालू होतं.